आंबेहळद लावलेला गुडघा

आज सकाळी गॅलरीत गेले, तर खालच्या मैदानावर फक्की पडलेली. पाणी मारून दाबलेली लाल माती आणि तिच्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. मधली रेघ जरा वाकडी. दरवर्षी वाकडीच मारतात आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं, राहू द्या, खेळताना पुसायचीच आहे.

दिवाळी होऊन जाते, नळाचं पाणी हाताला चावायला लागतं, की आमच्या भोसरीत कबड्डीचा हंगाम लागतो. मी लग्न होऊन आले तेव्हा इथला हंगाम ज्वारीचा होता. मग रानावर कंपन्या आल्या, कंपन्यांच्या मागे आमच्यासारख्यांच्या खोल्या आल्या, आणि खोल्यांच्या मधे हे एवढं मैदान राहून गेलं. बांधायचं विसरले असतील.

मला आठवणी काढत बसायची सवय नाही. ज्याला काम नसतं त्याला ती असते. पण आता मलाही काम नाही. परवापासून तर एकच काम आहे, खिडकीत ठेवलेल्या फोनकडे बघायचं. माझ्या नातीनं तिच्या गुडघ्याचं डॉक्टरला सांगितलं की नाही, एवढंच मला कळायला हवं आहे. ती सांगते म्हणाली. सांगते म्हणणं आणि सांगणं यांत केवढं अंतर असतं ते मला तिच्या आजोबांनी चांगलं शिकवलेलं आहे. ते रोज दारू सोडतो म्हणायचे.

नातीचं नाव मयूरी. माझ्या मुलाची थोरली. मुलगा चाकणच्या कंपनीत लागला, शिफ्टला जायला सोपं पडावं म्हणून बिऱ्हाड तिकडे नेलं. पोरगी मात्र खेळायची. तिचं मैदान इथे, तिचे सर इथे. म्हणून तो एक हिवाळा ती माझ्याजवळ राहिली. एकच हिवाळा. पण आता थंडी पडली की मला तोच आठवतो. त्याच्या आधीचे सगळे हिवाळे कुठे गेले कुणास ठाऊक.

त्या हिवाळ्याला एक वास होता. ओल्या मातीचा, बामचा, उकडलेल्या अंड्यांचा आणि वाळत घातलेल्या बुटांचा. दोन खोल्यांचं घर. सगळे वास एकमेकांच्या अंगावर. मी चुलीच्या काळातली, तरी त्या बुटांनी माझ्या डोळ्यांत पाणी आणलं. पोरगी उजाडायच्या आत पळायला जायची आणि उन्हं वर यायच्या आत परत यायची. आली की फरशीवर तिची लाल पावलं उमटायची. दारापासून मोरीपर्यंत. मी पुसायचे, ती परत उमटवायची. आता फरशी स्वच्छ असते. सकाळी पुसली की दुसऱ्या सकाळपर्यंत तशीच. पुसायची तरी कशाला, असं मनात येतं. पण पुसते.

तेव्हा माझ्या हातात कातर होती. उभी हयात मी घरी बसून रबराचे पार्ट कातरले. गाड्यांना लागणारे वायसर, बुचं, कसल्या कसल्या टोप्या. साच्यातून निघालेल्या पार्टाच्या कडेला पातळ रबर चिकटून आलेलं असतं. ते नुसतं कातरून काढायचं. गोणी भरून यायची, गोणी भरून जायची. तो पार्ट गाडीत नक्की कुठे बसतो, हे मी आजतागायत पाहिलेलं नाही. बसत असणार. नाहीतर परत आले असते. पुढे हाताला कंप सुटला आणि कातर सुटली.

तर मी खिडकीपाशी बसून कातरत असायचे आणि मयूरी मागे व्यायाम करायची. तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. ती स्वतःचे व्हिडिओ काढायची आणि लोकांना बघायला फोनवर टाकायची. उठाबशा, दोरीवरच्या उड्या, हे न् ते. वर गाणं. बघायचं कुणी नाही. तिची आई, मावशी, आणि एक कुठलं तरी गादीचं दुकान. ते दुकान सगळ्यांनाच अंगठा दाखवायचं म्हणे.

एकदा ती तशीच मातीचे पाय घेऊन आत आली आणि डब्याला फोन लावून उड्या मारायला लागली. मी मागे न बघता म्हणाले, "अगं घोडे, पाय धू आधी. मैदान घरातच आणायचं व्हतं, तर सकाळी उठून बाहेर कशाला गेलीस?"

ते त्यात आलं. तिनं तसंच टाकलं. दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते, तर ही ओरडत आली, "आज्जे, लोकांना तू आवडलीस. अजून दाखव म्हणतायत."

"कुणाला?"

"तुला गं."

"त्यांच्या घरात म्हाताऱ्या न्हाईत व्हय?"

तेही तिनं फोनवर टाकलं. मग ते रोजचंच झालं. मी कातरायचे आणि बोलायचे, ती मागे घाम गाळायची आणि हसायची. लोकांना तेवढं पुरायचं. मी काही वेगळं केलं नाही. पावडर लावली नाही, लुगडं बदललं नाही. एकदा फक्त गळ्यातली पोत वर काढून ठेवली होती, तर मयूरी म्हणाली, "नटलीस का गं?" मी ती परत आत घातली.

बरं वाटत होतं का? वाटत होतं. खोटं कशाला सांगू. घरधनी गेल्यावर या घरात मी बोलले असेन तर भांड्यांशी. आणि आता मी भाकरी उलथता उलथता काही बोलले की कुठल्या कुठल्या गावची माणसं ऐकत होती. जेवताना ती लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवायची. मला मराठी वाचता येतं, चौथीपर्यंत शाळेत गेलेय. पण ही माणसं मराठीच लिहितात आणि अक्षरं इंग्रजी वापरतात. त्यामुळे माझं कौतुकसुद्धा मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागे. एक बाई रोज लिहायची, आजी, आज काय भाजी? मी मयूरीला रोज विचारायचे, तिला कळवलंस का?

सगळेच काही भाजी विचारायचे नाहीत. एकानं लिहिलं, पोरीच्या जातीला एवढी तोकडी चड्डी शोभते का. वाचता वाचता मयूरीचा आवाज बारीक झाला. मी म्हणाले, "त्याला लिही, तू धोतर नेसून ये, आमी नऊवारीत चढाई करू. बघू कुणाचं आधी सुटतं." तिनं लिहिलं. त्यावर चार दिवस भांडण चाललं. ओळख ना पाळख, माणसं एकमेकांच्या आया काढत होती. आम्ही दोघी भाकरी खात ते बघत होतो, शेजारच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं तसं.

एक दिवस दारात एक माणूस उभा. हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाला, "व्हिडिओत मागे पाण्याची टाकी दिसते, त्यावरून शोधलं." घरात मी एकटी. मी पुडा घेतला आणि दार लावलं. पेढे चांगले होते. पण त्या दिवसापासून मयूरी पळायला गेली की परत येईपर्यंत माझं कातरणं वाकडं व्हायला लागलं. तिची वाट, तिची वेळ, तिचं मैदान, सगळं त्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून रोज बाहेर जात होतं. टाकी शोधणाऱ्याला पोरगी शोधायला किती वेळ लागणार?

मग गुडघा दुखावला.

सरावात उडी मारून वेडीवाकडी पडली. डावा गुडघा सुजला. माझ्याकडे आमच्या घरचं एकच औषध. आंबेहळद सहाणेवर उगाळायची, चिमूटभर तुरटी टाकायची, पळीत कोमट करायची आणि जाडसर लेप द्यायचा. माझ्या सासूनं मला लावला, मी माझ्या पोरांना लावला. मी लावत होते आणि मयूरी फोन धरून होती. पिवळाधम्मक गुडघा, माझी काळी बोटं, आणि ती "आई गं, आई गं" करतेय. मी म्हणतेय, "आईला कशाला हाक मारतीस, लावतीया आज्जी."

तो व्हिडिओ सगळ्यांत जास्त चालला. नाशिकपासून लातूरपर्यंतच्या माणसांनी आपापल्या आज्यांचे लेप लिहून पाठवले. कुणी रुईचं पान सांगितलं, कुणी निर्गुडी. मयूरीचा डावा गुडघा दुखतो हे साऱ्या मुलखाला कळलं. सांगायचं राहिलं ते फक्त तिच्या सरांना. सर फोनवर असलं काही बघत नसत, आणि हिनं मुद्दाम सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात खाली मैदानावर सामने होते, आणि जिल्ह्याचा संघ निवडणारी माणसं बघायला येणार होती. सरांना कळलं असतं तर त्यांनी तिला बसवली असती.

मी गॅलरीतून बघत होते. संध्याकाळची वेळ, दिवे नुकतेच लागलेले, उजेड अजून दोन्ही प्रकारचा. मयूरी पहिल्या चढाईला गेली. पलीकडच्या पोरींमधून आवाज आला, "डावा गं, डावा." मला वर ऐकू आला तो. एकीनं डाव्या पायाला मिठी मारली, दुसरी वर पडली. मग शिट्टी. मयूरी उठली नाही. मैदानातली माती तिच्या तोंडाला लागली होती आणि ती तोंड पुसत नव्हती, त्यावरून मला कळलं की लागलंय.

दोन दिवसांनी तीच पाय धरणारी पोरगी घरी आली. खेडकडची, चांगली उंच, दारातून वाकून आत आली. माझ्या पाया पडली.

"आज्जी, राग मानू नका. आम्ही तुमचा हळदीचा व्हिडिओ बघितला होता. सगळ्या जणींनी मिळून. मग कुठला पाय धरायचा ते ठरलं."

मी म्हणाले, "खेळच हाय तुमचा. हात धरला असतास तर तुझ्या सरांनी तुला मारलं असतं."

ती बसली. इकडे तिकडे बघायला लागली. "घर अगदी तसंच आहे हो," म्हणाली, "तो डबा कुठेय?" मी डबा दाखवला. चहा दिला. मग लाजत लाजत म्हणाली, "तुमच्याबरोबर एक फोटो काढू का?"

आतून, गुडघ्याला बर्फ धरून पडलेली मयूरी ओरडली, "काढ गं, काढ. डावीकडून काढ."

तिघी हसलो. पोरी अशा असतात. त्यांच्यात वैर राहत नाही, ते आमच्यासारख्या जावाजावांत राहतं.

काही जणांनी मला ऐकवलं की म्हातारीच्या हळदीनं पोरीचा हंगाम घालवला. हळदीनं काही घालवलं नाही. हळद पूर्वीही लावत होतो. पूर्वी ती लुगड्याच्या आड वाळायची, एवढाच फरक.

गुडघा बरा व्हायला उन्हाळा संपला, तोवर ती माझ्याकडेच. पुढे सरांच्या ओळखीनं एका मोठ्या संघानं तिला बघायला बोलावलं. परराज्यातला संघ, मातीत नव्हे, गादीवर खेळणारा, टीव्हीवर दिसणारा. घेऊ म्हणाले. पण त्याआधी त्यांचा एक माणूस आमच्या घरी आला. तन्मय नाव. चष्मा, हातात दोन फोन, स्वभावानं गरीब. आत येताना बूट बाहेर काढले. खेळाडूंचं फोनवरचं खातं नीट ठेवायचं, एवढंच त्याचं काम. असलंही काम असतं.

"आजी," तो म्हणाला, "तुमचे व्हिडिओ भारी आहेत. मी स्वतः बघायचो. पण आता ताईचा ब्रँड करायचाय."

"ब्रँड चहाचा असतो."

"आता माणसाचाही असतो."

"मग किंमत पुडक्यावर छापणार का?"

तो हसला, पण डोक्यात घेतलं नाही. समजावून सांगायला लागला. दुखापत कधीच दाखवायची नाही. कुठे सराव करतो ते तिथून निघाल्याशिवाय टाकायचं नाही. घराचं दार, खिडकी, गल्ली काही दिसता कामा नये. शिव्या देणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, दार लावून टाकायचं. हरल्याच्या दिवशी फोनला हात लावायचा नाही. व्हिडिओ आधीच काढून साठवायचे आणि ठरल्या वेळी ते सोडतील. आणि जुनं जे आहे ते काढून टाकायचं, म्हणजे बघणाऱ्याला नुसती खेळाडू दिसेल.

मी त्याच्या बोलण्यात खोट शोधत होते. सापडली नाही. टाकीवाला माणूस, चड्डीचं भांडण, डावा पाय. आम्ही जे जे केलं होतं ते सगळं त्यानं न विचारता सांगितलं. सगळेच खेळाडू असंच करत असतील, मग त्यांना असा एक तन्मय भेटत असेल.

मयूरी पिठाच्या डब्याशी उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज्जे, काढू का?"

मी गोणीतला एक पार्ट घेतला आणि कातरायला लागले. कडेचं रबर काही वाईट नसतं. त्याच रबराचं असतं, त्याच साच्यातून आलेलं. पण ते राहिलं तर पार्ट जागेवर बसत नाही. एवढं कळायला मला तन्मयची गरज नव्हती.

"काढ," मी म्हणाले.

ती आणि तो बसून काढत होते. एकेक व्हिडिओ उघडायचा, मी काहीतरी बोललेली ऐकू यायचे, अर्ध्यातच आवाज बंद. पाय धू आधी. बंद. त्यांच्या घरात म्हाताऱ्या न्हाईत. बंद. मग घर गप्प झालं. तन्मय चहा पिऊन गेला. गेल्यावर मयूरी माझ्यापाशी येऊन बसली.

"काढले नाहीत आज्जे. नुसते लपवलेत. बाकी कुणाला नाही दिसणार, मला दिसतात."

"कुठं ठेवलेत?"

"आत."

आत म्हणजे कुठे ते मी विचारलं नाही. पत्र्याची पेटी मलाही आहे.

ती गेली त्या दिवशी मी तिच्या बॅगेत आंबेहळदीची गाठ टाकली. तिनं काढून ठेवली, मी परत टाकली. "तिथे असलं चालत नाही गं. डाग पडतात. रोज शूट असतं." मी म्हणाले, "असू दे. ती काय तुझ्याकडं खायला मागत न्हाई."

तेव्हापासून मी तिला लोक बघतात तशी बघते. तन्मयनंच मला फोनवर तिचं खातं काढून दिलं होतं, एका ठिकाणी बोट ठेवलं की उघडतं. चांगलं दिसतं सगळं. एकाच रंगाचे कपडे. मागे स्वच्छ भिंत, जिला ना खिडकी ना टाकी. पोरगी हिंदी-इंग्रजी बोलते, नखं रंगवते, कसलं तरी पाणी पिते आणि बाटलीचं नाव पुढे करते. खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवायला कुणी नाही. मी आगीची चित्रं मोजते, बदाम मोजते. खालच्या मजल्यावरची सुमन येते, पूर्वी तीही माझ्याबरोबर कातरायची. ती म्हणते, "बाई, तुमची मयूरी केवढी मोठी झाली." मी म्हणते, "उंचीला तेवढीच हाय."

सुरुवातीला मी फसायचे. सकाळी तिला पळताना बघायचे आणि दुपारी फोन करायचे, "आज लई पळालीस." ती म्हणायची, "नाही गं, तो जुना आहे. आज सुट्टी, झोपलेय." एकदा ती हसत होती, खूप हसत होती, मला बघून इतकं बरं वाटलं की मी भात जास्त लावला. संध्याकाळी कळलं, आदल्या दिवशी संघ हरला होता आणि ती रडून रडून तापली होती. हसण्याचा व्हिडिओ आधीच भरून ठेवलेला. तो आपल्या वेळेवर सुटला.

म्हणजे फोनवर दिसतं तो तिचा आज नसतो. कधीचा तरी दिवस असतो. पूर्वी पोरगी लांब गेली की पत्र यायचं, तेही जुनंच असायचं. पण पत्र वाचताना आपल्याला ठाऊक असायचं की हे जुनं आहे.

आणि तिचं बरोबर आहे. पूर्वी साऱ्या मुलखाला माझ्याएवढं कळायचं. आता मला साऱ्या मुलखाएवढं कळतं.

परवाची गोष्ट. नवा व्हिडिओ आला. मयूरी जमिनीवर बसून पाय ताणतेय, डाव्या गुडघ्याला काळी पट्टी. मग ती उठली आणि पुढे पळाली. एवढंच. सुमनच्या पोरीनं येऊन खालचं वाचून दाखवलं. लोक लिहीत होते, डाव्या गुडघ्याची काळजी घे, ताई. मी तो व्हिडिओ परत लावला. उठताना तिनं हात टेकला तो उजव्या गुडघ्यावर. माझ्या मोरीसमोर एक हिवाळाभर ती उठली-बसली आहे. दुखरा पाय ती हातानं धरून उठवते, लहान पोराला उठवावं तसा. डावा दुखत होता तेव्हा डावा उठवायची.

सुमनची पोरगी जाईपर्यंत मी गप्प राहिले. मग फोन केला.

"कुठं हायस?"

"रूमवर. काय गं?"

"उजवा हाय ना?"

पलीकडे तिनं पंखा बंद केला.

"तुला कुणी सांगितलं?"

"पट्टी डाव्याला का बांधलीस?"

"मुद्दाम. आता तेवढं कळतं मला," ती म्हणाली. "त्यांनी डावाच धरावा म्हणून. रविवारी मॅच आहे आज्जे. ही नीट झाली तर पुढच्या वर्षी परत घेतील."

हुशार झाली आहे. मी कौतुक करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"डॉक्टरला सांगितलंस का?"

"नाही."

"तन्मयला?"

"त्याला कशाला सांगू."

"लोकांपासून लपव. तन्मयपासून लपव. डॉक्टरपासून लपवून काय करशील? ते तुझ्या खात्यावर टाकणार हाय का?"

"सांगितलं तर बसवतील."

"बसवू दे. बसलेली पोरगी उठती. मोडलेली न्हाई उठत."

मग म्हणाली, "सांगते." आणि लगेच, बारक्या आवाजात, "आज्जे, तू कुणाला सांगू नको हं."

"मी कुणाला सांगणार?"

हे मी रागानं म्हणाले नव्हते. खरंच विचारलं. फोन ठेवल्यावर घरभर बघितलं, तर खरंच कुणी नव्हतं.

परवा तसं झालं. काल फोन नाही. मी केला, तिनं उचलला नाही. आज रविवार. मैदानावर फक्की पडली, दुपारी लहान पोरींचे सामने सुरू झाले. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले. लाल मातीत पोरी पडत होत्या, उठत होत्या, आणि मैदानाच्या कडेला त्यांच्या आया फोन वर धरून उभ्या होत्या. एका पोरीचं कोपर फुटलं तर तिची आई आधी फोन जवळ घेऊन गेली आणि मग फुंकर घातली. मला काही बोलायचा हक्क नाही. मी हळद लावताना कुठे थांबले होते?

चार वाजायच्या सुमारास मयूरीच्या खात्यावर व्हिडिओ आला. उंच उडी, हात वर, दात दिसतायत. खाली आगीच आगी. सुमननं खालूनच ओरडून सांगितलं, "बाई, मयूरी बघा, जिंकणार आज." मी हात हलवला. तो व्हिडिओ कधीचा, कुणास ठाऊक. त्यावरून मला कळायचं असं काहीच नव्हतं.

मग फोन एकदा थरथरला. खात्यावर नव्हे, माझ्या नंबरवर. एक फोटो. त्यात तोंड नाही, नखं नाहीत, बाटली नाही. खाटेवर पसरलेला एक पाय, उजवा, आणि गुडघ्यावर पिवळाजर्द लेप. जाडसर. कडेला सुकून भेगा पडलेला. चादरीला डाग. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही.

डाग पडलाय म्हणजे आज शूट नाही. शूट नाही म्हणजे मैदानात नाही. म्हणजे तिनं सांगितलं आणि त्यांनी तिला बसवलं. पुढच्या वर्षी घेतील की नाही, देव जाणे. लेप फार घट्ट झालाय, पाणी कमी घातलंय, आणि सहाण मिळाली नसेल म्हणून कशावर तरी खरखरीत वाटलाय. हे तिला संध्याकाळी सांगेन. आत्ता रडत असेल, रडू दे.

थोड्या वेळानं सुमन वर आली. पायऱ्यांनी धापा टाकत. म्हणाली, "काय बाई, काही आलं का पोरीचं?"

मी फोन उलटा ठेवला.

"उडी मारलीया की," मी म्हणाले. "बघितलीस न्हवं?"

मग आम्ही दोघी खालचा सामना बघत बसलो. मधली रेघ अर्धी पुसून गेली होती. कुणी परत फक्की मारली नाही.